मोडकं जपानी

"स्टेशनचं नाव कांदा," आप्पा म्हणाले, "आणि आपण करीच्या जाहिरातीसाठी इथे उतरतोय. हे मी लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, ओढूनताणून केलंय."

टोकियोत त्या स्टेशनला खरंच कांदा म्हणतात. मी किती वर्षं तिथून जात-येत होते, पण मला कधी त्यात काही दिसलं नव्हतं. आप्पांनी फलाटावर उभं राहून पाटी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"हसू आलं नाही?"

"आलं की."

"तुझं जपानी हॉटेलातल्या मेनूकार्डासारखं आहे, सुलू. सगळं वाचता येतं, चव कशालाच नाही."

आप्पा असंच बोलत. चिंचवडला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सकाळी ते जपानीचा वर्ग घेत, आणि तिथे याहून वाईट बोलत. कारखान्याच्या ऑफिसात त्यांची सगळी नोकरी जपानी यंत्रांची माहितीपुस्तकं मराठीत आणि इंग्रजीत करण्यात गेली. तरुणपणी कंपनीने त्यांना नागोयाला प्रशिक्षणासाठी धाडलं होतं, तेवढाच त्यांचा जपान. बाकीचा जपान त्यांनी कागदावर गोळा केला. कारखान्यात येणारे जपानी इंजिनियर मागे ठेवून जात ती मासिकं, बिस्किटांची वेष्टणं, काड्यापेट्या. त्यांतल्या जाहिराती ते कापून ठेवत, कारण जपानी जाहिरातींत शब्दांच्या कोट्या फार. व्याकरण पुस्तकात मिळतं, असं ते म्हणत. माणसं कशाला हसतात, ते पुस्तकात मिळत नाही.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात एकटे असल्यामुळे नीट जेवत नाहीत, असं शेजारच्यांनी कळवलं, म्हणून मी त्यांना टोकियोला घेऊन आले होते. मी एका भाषांतराच्या ऑफिसात कामाला होते. एका जाहिरात कंपनीने आमच्याकडे विचारणा केली: पाण्यात विरघळवायच्या करीच्या वड्यांच्या टीव्हीवरच्या जाहिरातीसाठी वयस्कर भारतीय गृहस्थ हवे आहेत, जपानी येत नसलं तरी चालेल, वाक्य पाठ करून घेऊ. रात्री जेवताना मी हे गंमत म्हणून सांगितलं. आप्पांनी घास खाली ठेवला.

"येत नसलं तरी चालेल, असं म्हणाले?"

"हो."

"आणि येत असेल तर?"

म्हणून आम्ही कांद्याला उतरलो होतो.

कुरामोची-सान हे त्या कंपनीत जाहिरातींच्या ओळी लिहीत. पन्नाशीचा, सुजलेल्या डोळ्यांचा माणूस. कोट्या करण्यात त्यांचं नाव होतं, असं माझ्या ऑफिसात ऐकलं होतं. त्यांनी आप्पांसाठी कागदावर ओळ काढून ठेवली होती, खाली उच्चार मोठ्या अक्षरांत. 'कारे वा काराइ.' म्हणजे करी तिखट असते. जपानमधलं शाळकरी पोरसुद्धा ही कोटी ऐकून कंटाळतं.

आप्पांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, वाचला, आणि शुद्ध, सावकाश जपानीत म्हणाले, "कुरामोची-सान, हा विनोद तुमच्या आजोबांनी केला असणार. त्यांना माझा नमस्कार सांगा."

मग कुरामोची हसायला लागले. शेजारी बसलेल्या निर्मात्या हिरासावा-सान हसल्या नाहीत. त्यांनी आप्पांकडे नीट पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"तुमच्याकडे याहून बरं काही आहे का?" कुरामोचींनी विचारलं.

"आहे. पण आधी एक सांगतो. हे स्टेशन आहे ना, कांदा, आमच्या भाषेत त्याचा अर्थ तुमचा तामानेगि."

"म्हणजे आमचं ऑफिस कांद्यात आहे."

"म्हणूनच तुमचे डोळे असे झालेत."

कुरामोचींनी सुजलेल्या डोळ्यांवर हात ठेवला आणि इतके हसले की चहा आणणारी मुलगी दारात थांबली. इतक्या वर्षांत मी आप्पांना कुणाच्या बरोबरीने हसताना पाहिलं नव्हतं. वर्गात ते एकटेच हसत.

मग आप्पांनी खिशातलं पेन काढून ओळ लिहिली. ती त्यांनी आदल्या तीन-चार दिवसांत माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून घडवली होती. 'कारेइ शितेमो, कारेइ नि कारे. ओइशीइ देसु ने.' पहिलं कारेइ म्हणजे वय होणं. दुसरं म्हणजे थाट, देखणेपण. शेवटचं कारे म्हणजे करी. म्हातारपण आलं तरी करी थाटात. चव छान आहे, नाही? कानाला तिन्ही शब्द जवळजवळ सारखेच. बोलणारा तयारीचा असेल तर मधल्याचा सूर जरासा वेगळा लागतो, आणि तो वेगळा लागला म्हणजेच कळतं की बोलणाऱ्याला आपण काय करतोय ते ठाऊक आहे. आप्पांनी ती म्हणून दाखवली. मधला सूर जिथे लागायला हवा तिथे लागला.

कुरामोची हसले नाहीत. त्यांनी कागद उचलला, हिरासावांना दाखवला, परत आपल्याकडे घेतला.

"धुमाळ-सेन्सेइ," ते म्हणाले. आत आलो तेव्हा नुसते धुमाळ-सान म्हणत होते, आता गुरुजी केलं. "ही ओळ मी चोरतोय."

"चोरू नका, देतोय. पैसे नकोत. माझी एकच अट आहे. ती मीच म्हणणार."

"तुमच्याशिवाय कोण म्हणणार?"

घरी आल्यावर आप्पांनी पुण्याला हर्षदला फोन लावला. हर्षद त्यांचा जुना विद्यार्थी, एका कारखान्यात दुभाषा, वर्गाची सगळी व्यवस्था बघणारा. "जपानच्या टीव्हीवर," आप्पा सांगत होते. "नाही रे, पाठ केलेलं नाही. माझं स्वतःचं. माझ्या आवाजात." मग त्यांनी बारामतीला आत्याला फोन लावला आणि तेच सांगितलं, फक्त थोडं मोठ्याने.

चित्रीकरणाच्या दिवशी त्यांना फेटा बांधायला आणला होता. आप्पा म्हणाले, आमच्याकडे फेटा लग्नात बांधतात, आणि माझं लग्न झालेलं आहे. फेटा गेला, रेशमी कुडता राहिला. खोटं स्वयंपाकघर, खोटी खिडकी, पातेल्यात करीऐवजी कसला तरी तपकिरी रंग. आप्पांनी ओळ म्हटली. दिवे धरणारी माणसं हसली. ती सभ्यपणाने हसत नव्हती, हे कळत होतं. एकाचा दिवा हलला म्हणून परत घ्यावं लागलं. परत म्हटलं तरी परत हसली.

दोनेक आठवड्यांनी हिरासावांचा फोन आला. जाहिरात तयार आहे, दाखवण्याआधी एकदा पाहून जा. एक लहानशी दुरुस्ती केली आहे.

आप्पांनी त्या दिवशी दाढी दोनदा केली. कुरामोचींसाठी त्यांनी पुण्याहून आणलेला बाकरवडीचा पुडा जपून ठेवला होता, तो बरोबर घेतला.

छोट्या अंधाऱ्या खोलीत पडदा होता. कुरामोची होते, हिरासावा होत्या, आणि कोपऱ्यात एक सडपातळ तरुण बसला होता. तो आम्हाला पाहून उठला आणि खूप वाकला. त्याची ओळख कुणी करून दिली नाही.

पडद्यावर आप्पा दिसले. छान दिसत होते. त्यांनी पातेल्याचं झाकण काढलं, वाफ आली, ओठ हलले. आवाज दुसराच आला.

म्हणजे अगदी दुसराच नव्हता. घोगरेपणा आप्पांचा होता, शब्दाच्या शेवटी श्वास सोडायची सवय आप्पांची होती. पण जपानी मोडकं होतं. मधला सूर सपाट, र जीभ वळवून काढलेला, शब्द अडखळत, जणू परक्या माणसाने कुणीतरी शिकवलेलं कसंबसं आठवून म्हटलंय. ओळ तीच. शेवटी तो म्हातारा, आपण काय बोलून बसलो याचा पत्ता नसल्यासारखा, कॅमेऱ्याकडे बघून भाबडं हसला. ते हसू आप्पांचं होतं. चित्रीकरणात विनोद साधला म्हणून ते हसले होते.

दिवे लागले.

"आमच्याकडे पद्धत आहे," हिरासावा म्हणाल्या. "प्रक्षेपणाआधी आम्ही जाहिरात थोड्या सामान्य लोकांना दाखवतो. गृहिणी, विद्यार्थी. त्यांची मतं घेतो. सेन्सेइंचं जपानी इतकं सुंदर आहे की बहुतेकांनी एकच तक्रार केली. भारतीय माणसाच्या तोंडी जपानी माणसाचा आवाज घातलाय. खोटं वाटतं."

"तो माझा आवाज होता," आप्पा म्हणाले.

"हो. आमची अडचण तीच झाली."

"म्हणून तुम्ही खोटा आवाज घातलात."

"आता कुणाचीच तक्रार नाही."

आप्पा कुरामोचींकडे वळले. कुरामोची आपल्या बुटांकडे पाहत होते.

"कुरामोची-सान, आधी विनोद मी करत होतो. आता मी विनोद करतच नाहीये. माझ्याकडून होऊन जातोय."

"सेन्सेइ," कुरामोची हळू म्हणाले, "लोक जास्त हसले."

मी मराठीत म्हटलं, "आप्पा, उठा. जाऊ या."

त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. वर्गात कुणी मध्ये बोललं की करत तसा.

कोपऱ्यातला तरुण परत उठला. नेमोतो त्याचं नाव. तो आवाजांच्या नकला करणारा कलाकार होता. त्याने सांगितलं, की सेन्सेइंचं मूळ ध्वनिमुद्रण त्याने पुष्कळदा ऐकलं, गळा पकडायला. काही चुकलं असेल तर क्षमा करावी. तो खरंच घाबरला होता आणि खरंच आदराने बोलत होता.

आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गळा चांगला धरलाय. पण तुमच्या चुका चुकीच्या आहेत."

"जी?"

"हा र अमेरिकन माणसाचा आहे. आमचा र तुमच्या र च्या जवळचा असतो, तिथे आम्ही चुकत नाही. तुम्ही टीव्हीवर अमेरिकन लोक ऐकलेत, आणि परका म्हणजे असाच, असं धरून चाललात. आम्ही वेगळ्या ठिकाणी चुकतो."

हिरासावांनी वही उघडली.

इथे आप्पांच्या शिकवण्याची एक रीत सांगायला हवी. वर्गात कुणी चुकलं की ते चूक दुरुस्त करत नसत. ती चूक जशीच्या तशी, त्याच विद्यार्थ्याच्या लकबीत, त्याला परत ऐकवत. सगळ्यांसमोर. तो नीट म्हणेपर्यंत ऐकवत राहत. मुलं हसत, कारण आज एकाची पाळी असली तरी उद्या आपली असणार, हे प्रत्येकाला ठाऊक असे. काही जण रडले होते. बहुतेकांचं जपानी त्यामुळे सुधारलं होतं.

"ओइशीइ," आप्पा नेमोतोला म्हणाले. "यातला शेवटचा स्वर लांब. आमची माणसं तो खाऊन टाकतात. ओइशि. म्हणा."

"ओइशि."

"देसु मधला सु तुम्ही गिळता. आम्ही तो पूर्ण म्हणतो, वर आणखी ओढतो. देसू."

"देसू."

"ओठ पुढे काढू नका, पोट पुढे काढा. देसू. आणि शेवटचा ने. आमच्या भाषेत त्या जागी ना येतो. नवीन शिकणारा माणूस बेसावध असला की तोच निसटतो. ओइशि देसू ना."

"ओइशि देसू ना," नेमोतो म्हणाला.

"नाही. तुम्ही मुद्दाम चुकताय. त्याला वाटत असतं आपलं बरोबर आहे. चुकायचं तर नीट चुका."

ते त्याच्याबरोबर काचेपलीकडच्या खोलीत गेले. मी इकडून ऐकत होते. एकामागून एक त्यांच्या गळ्यातून चिंचवडचा रविवार येत होता. हर्षदचा देसू. कुणा गायकवाड नावाच्या मुलाचा खाल्लेला स्वर. आणि तो ना, जो मला लगेच ओळखू आला. नेमोतो लिहून घेत होता, मान डोलावत होता, परत म्हणत होता. तासाभराने त्याने ओळ म्हटली तेव्हा हिरासावा प्रथमच मोठ्याने हसल्या.

मी कुरामोचींना विचारलं, आप्पांच्या आवाजातलं पहिलं मुद्रण आम्हाला मिळेल का.

"ते कंपनीच्या मालकीचं आहे," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे पुसलं जाईल. मला फार वाईट वाटतं."

मला वाटतं, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. बाकरवडीचा पुडा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, आणि आम्हाला करीच्या वड्यांची दोन मोठी खोकी दिली.

स्टेशनकडे चालताना खोकी मी धरली होती. आप्पा पुढे चालत होते.

"तुम्ही त्याला शिकवलंत कशाला?" मी विचारलं.

"वाईट करत होता."

"करू द्यायचं होतं."

"माझ्या तोंडातून अमेरिकन माणूस बोलत होता, सुलू." ते थांबले. "पुण्यात कुणाला काही सांगायचं नाही. हर्षदला नाही, आत्याला नाही. कळलं?"

"पण ते ऐकतील तेव्हा?"

"कळलं का, विचारलं मी."

आईच्या वर्षश्राद्धाला आम्ही दोघं चिंचवडला आलो. त्याच आठवड्यातला रविवार होता. हर्षदने कुठून तरी मोठा पडदा आणला होता, पुढच्या खोलीत मावणार नाही एवढे जुने-नवे विद्यार्थी जमले होते, बायका पोहे करत होत्या. मला वाटलं होतं, आप्पा काहीतरी कारण काढून टाळतील. त्यांनी स्वतः तबकडी हर्षदच्या हातात दिली.

जाहिरात संपली. मग हर्षद म्हणाला, "सर, हा तर माझा देसू."

खोली फुटली. "सर, आणि ओइशि गायक्याचं." "परत लावा, परत." त्यांनी परत लावलं. या खेपेला सगळ्यांनी जाहिरातीबरोबर म्हटलं. त्यांना वाटलं, सरांनी जपानमध्ये जाऊन भर टीव्हीवर आपला वर्ग केला. कुणाला तरी याचा अभिमानही वाटत होता. आप्पा खुर्चीत बसून हसत होते.

प्राजक्ता लोणकर खिडकीपाशी बसली होती. वर्गातली सगळ्यांत चांगली मुलगी. तिच्या कानाला तोड नाही, असं आप्पा तिच्या मागे म्हणत, तोंडावर कधी नाही. सुरुवातीला तिचा ने चा ना व्हायचा. आप्पांनी तो इतका ऐकवला होता की ती एकदा वर्ग सोडून गेली होती. मग आई तिच्या घरी गेली. परत असं करणार नाही, असं आईने आप्पांकडून वदवून घेतलं आणि ती परत आली. हे मला आईच्या पत्रातून कळलं होतं.

"सर," ती म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, पण खोली ऐकू लागली. "शेवटचा ना माझा आहे."

"असेल," आप्पा म्हणाले.

"तुम्ही बाईंना कबूल केलं होतं."

कुणीतरी म्हणालं, अगं गंमत आहे, सोड ना.

"इथे खोलीत ठीक होतं, सर. तुम्ही तिकडे जाऊन केलंत. आमची नक्कल करून दाखवलीत त्या लोकांना. केलीत ना?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात विनंती नव्हती, ताकीद होती. तरी मी तोंड उघडलं.

"प्राजक्ता, ऐक, ते..."

"केली," आप्पा म्हणाले. "तुमच्या चुकांचा इतक्या वर्षांत कुणाला तरी उपयोग झाला. आनंद माना."

दोघंचौघं हसली, सवयीने. प्राजक्ताने पिशवीत वही ठेवली, चेन लावली, वाटेतल्या लोकांना "जरा सरका" म्हणत दारापर्यंत गेली. चपला घालायला तिला वेळ लागला, कारण पुष्कळ जोड होते. ती गेल्यावर आप्पा हर्षदला म्हणाले, "परत लाव."

दुपारी सगळे गेल्यावर मी ताटं घासत होते. आप्पा मागे येऊन उभे राहिले.

"तू बोलणार होतीस."

"हो. खरं सांगितलं असतं तर ती थांबली असती."

"काय खरं? माझं जपानी इतकं चांगलं होतं की त्यांनी ते काढून टाकलं? आत्तापर्यंत हजार वेळा नाक वर करून सांगितलंय या पोरांना, की नीट बोला, नीट बोललात की ते लोक तुम्हाला आपल्यातलं मानतात. आता सांगू की नीट बोललो म्हणून मला बाहेर काढलं?"

मी नळ बंद केला.

"मग ती गेली ती?"

"ती मला दुष्ट समजून गेली," आप्पा म्हणाले. "तेवढं चालतं मला."

नंतर त्यांनी बरीच वर्षं वर्ग घेतला. चुका ऐकवायची रीत मात्र बंद केली. चुकलं तर चुकलं, पुढे वाचा, असं म्हणत. हर्षद मला सांगायचा, सर निवळले हो. ते इतके निवळले की शेवटी शेवटी कुणाचं काही दुरुस्तच करत नव्हते.

ते गेले तेव्हा मी टोकियोतच होते, पोचले ती अंत्यविधी उरकल्यावर. तेराव्यानंतरच्या रविवारी हर्षदने त्याच खोलीत शोकसभा ठेवली. भाषणं झाली. कुणी त्यांच्या शिस्तीबद्दल बोललं, कुणी कोट्यांबद्दल. मग हर्षद म्हणाला, आता शेवटचं, सरांच्या आवाजात ऐकू या. आणि त्याने जाहिरात लावली.

माझं घरात सगळं शोधून झालं होतं. आप्पांच्या आवाजाचं दुसरं काही कुठेच नव्हतं. जपानीत नव्हतं, मराठीतही नव्हतं.

आत्या माझ्या शेजारी बसली होती. थोरली बहीण, त्यांना कडेवर घेऊन वाढवलेली. ओळ संपली तशी तिने माझा हात घट्ट धरला.

"हाच गं," ती म्हणाली. "हाच आवाज माझ्या यशवंताचा. परत लाव रे बाळा."

मला तिथे बसवेना. हात सोडवून मी दाराशी आले, तर बाहेर पायरीवर प्राजक्ता चपला शोधत होती. ती आल्याचं मला कळलंही नव्हतं. केस पांढरे झालेले, खांद्याला ऑफिसची पिशवी. ती आता एका जपानी बँकेत दुभाषी आहे, असं हर्षदकडून ऐकलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "तो आवाज सरांचा नाही ना?"

"कधी कळलं?"

"तेव्हाच. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा."

"मग गेलीस का?"

"आवाज त्यांचा नव्हता, तरी मी विचारल्यावर सर हो म्हणाले म्हणून." तिला एक चप्पल सापडली होती, ती तिने पायात सरकवली. "एवढंच कधी समजलं नाही, की तिकडच्या कुणाला माझा ना कुठून मिळाला? इतका बरोबर. मीसुद्धा तो आता विसरलेय."

आत त्यांनी परत लावलं होतं. आता सगळे मिळून म्हणत होते, ओइशि देसू ना, आणि रडता रडता हसत होते.

"सरांनीच शिकवला त्याला," मी म्हटलं. "काचेच्या खोलीत उभं राहून. तासभर."

तिने दुसरी चप्पल पायाने ओढून घेतली. जायला वळली, मग थांबून आतला आवाज जरा वेळ ऐकत राहिली.

"चांगला शिकवलाय," ती म्हणाली.